सासर-माहेरच्या वाटेत राहून जाणाऱ्या लसी

भाताची आणि नागलीची कापणी आटोपली, की सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे आपले किडूकमिडूक गाठोड्यात बांधून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात, आणि थंडीपासून द्राक्षांची खुडणी संपेपर्यंतचे महिने बागेच्या कडेला उभारलेल्या खोपटांत काढतात. त्या कुटुंबांत गर्भार स्त्रियाही असतात. आपल्या गावच्या उपकेंद्रात लसीची पहिली मात्रा घेऊन निघालेल्या अशा स्त्रीची दुसरी मात्रा वाटेतच राहून जाण्याचा संभव फार मोठा असतो. नाशिक शहरातील सुस्थित घरांत हाच प्रकार निराळ्या रीतीने घडतो. गंगापूर रस्त्यावर किंवा इंदिरानगरात नांदणारी सून सातव्या महिन्यात ओटीभरण होऊन पहिल्या बाळंतपणासाठी जळगावला किंवा साताऱ्याला माहेरी जाते. तिकडचा डॉक्टर गृहीत धरतो की आवश्यक त्या लसी सासरी झाल्याच असतील, इकडचा समजतो की उरलेल्या माहेरी होतील, आणि ज्या आठवड्यांत लस घ्यावयाची तेच आठवडे सामानाच्या बांधाबांधीत आणि प्रवासात निघून जातात.

गर्भारपणी लस घ्यावी की न घ्यावी याविषयी घराघरांत पुष्कळ खल होतो, आणि तो होणे स्वाभाविकही आहे. परंतु माझ्या मते या विषयातील खरे नुकसान नकारापेक्षा हयगयीने अधिक होते. कोणती लस कोणत्या महिन्यात, ती कोठे मिळते, तिची नोंद कोणाच्या हाती राहते आणि गाव बदलल्यावर पुढची तारीख कोण सांभाळते, एवढ्याचा बंदोबस्त झाला तर बाकीच्या शंकांचे निरसन करणे तितकेसे कठीण नाही. म्हणून प्रस्तुत लेखात शास्त्रार्थ आवश्यक तेवढाच ठेवून व्यवहाराकडे अधिक लक्ष देण्याचा विचार आहे.

तरी शास्त्रातील एक गोष्ट प्रारंभीच सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढील वेळापत्रकाचा अर्थ लागत नाही. लस घेतल्यावर मातेच्या रक्तात त्या त्या रोगाशी झुंजणारी जी प्रतिपिंडे तयार होतात, ती वारेतून गर्भाच्या रक्तात उतरतात. हे संक्रमण गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत सर्वांत जोमाने चालते, आणि लस टोचल्यापासून ती प्रतिपिंडे पुरेशी तयार होऊन बाळापर्यंत पोहोचण्यास निदान दोन आठवडे जावे लागतात. जन्मतः बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती कोवळी असते, आणि त्याच्या बहुतेक लसी तर दीड महिन्याचे झाल्यावर सुरू होतात. मधल्या काळात आईने बांधून दिलेली ही शिदोरी त्याला पुरते, आणि काही महिन्यांत ती संपते. म्हणून ती वेळेवर बांधली गेली पाहिजे. बाळ अकाली जन्मले तर ती अपुरी राहते, हेही यावरून ध्यानात येईल.

या प्रकारच्या संरक्षणाचे सर्वांत जुने आणि सर्वांत निर्विवाद उदाहरण म्हणजे धनुर्वात. या रोगाचे जंतू बीजरूपाने मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. पूर्वी खेड्यापाड्यांतून बाळंतपण घरी होई, नाळ हाताशी असलेल्या विळ्याने किंवा पात्याने कापली जाई, आणि तीवर राख किंवा शेण लावण्याचीही चाल कित्येक ठिकाणी असे. पहिले दोन दिवस चांगले अंगावर पिणारे मूल तिसऱ्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत केव्हातरी एकाएकी दूध ओढीनासे होई, त्याचा जबडा मिटे, अंग ताठरे, आणि जरा स्पर्श झाला किंवा आवाज झाला की त्याला झटके येत. असे मूल वाचणे विरळाच. १९८८ साली जगभरात नवजात धनुर्वाताने दगावलेल्या अर्भकांचा अंदाज ७ लाख ८७ हजार इतका होता, आणि त्यांत आपल्या देशाचा वाटा फार मोठा होता. मातेला गर्भारपणी लस टोचून बाळाचा धनुर्वात टाळता येतो हे १९६१ साली न्यू गिनीतील अभ्यासाने दाखविले; आपल्याकडे सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला; आणि पुढे मातेची लस, दवाखान्यातील बाळंतपण आणि स्वच्छ नाळ या तिहींच्या बळावर २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. या ठिकाणी निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहूनही कमी रुग्ण, एवढाच आहे. जंतू मातीतून नाहीसे झालेले नाहीत आणि कधी होणारही नाहीत. देवीच्या रोगाप्रमाणे हा रोग पृथ्वीवरून उठवून लावता येत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक पिढीतील प्रत्येक गर्भिणीला ही लस नव्याने द्यावी लागते.

पूर्वी जिला सर्वजण टीटी म्हणत त्या लसीची जागा २०१९ पासून सरकारी कार्यक्रमात टीडी या लसीने घेतली आहे. तीत धनुर्वाताबरोबर घटसर्पाचाही अंश असतो, कारण मोठ्या वयाच्या माणसांत घटसर्पाविरुद्धची शक्ती ओसरत जाते असे आढळून आले. तिचा नियम सोपा आहे. दिवस गेल्याचे कळून नाव नोंदविताच, म्हणजे शक्यतो पहिल्या तीन महिन्यांतच, पहिली मात्रा. तीनंतर चार आठवड्यांनी दुसरी. आणि मागील बाळंतपणात दोन्ही मात्रा झाल्या असून तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले असतील, तर एकच पूरक मात्रा. पहिली मात्रा शरीराला केवळ रोगाची ओळख करून देते, खरे बळ दुसरीने येते. म्हणून 'एक तर झाली आहे' असे म्हणून स्वस्थ बसणे हे न घेतल्यासारखेच आहे. दोन्ही मात्रा ३६ आठवड्यांच्या आत पुऱ्या व्हाव्यात. परंतु काही कारणाने राहिल्या असतील तर ३६ आठवडे उलटून गेल्यावरही, फार काय बाळंतपणासाठी दाखल झाल्यावरही, लस द्यावी असाच शासनाचा दंडक आहे. 'आता उशीर झाला' हे उत्तर कोणी दिले तर ते मुकाट्याने ऐकून घेऊ नये.

लसीकरणाच्या ठरलेल्या दिवशी एखाद्या गावच्या अंगणवाडीत जाऊन बसले, तर हे काम किती बारकाईने करावे लागते ते दिसते. नर्सबाई निळ्या पेटीतून बर्फाच्या थंडाव्यात ठेवलेली कुपी काढतात आणि टोचण्यापूर्वी तीवरील एक लहानसे चिन्ह पाहतात: एका रंगीत वर्तुळाच्या आत एक चौकोन असतो. चौकोन भोवतालच्या वर्तुळाहून फिका असेल तर लस उष्णतेने बिघडलेली नाही. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती कुपी बाद. टीडीला उष्णतेइतकीच, किंबहुना अधिक, भीती गोठण्याची असते. बर्फ झालेली टीडी पुन्हा वितळली तरी निकामीच ठरते. म्हणून ती दोन ते आठ अंश तापमानातच सांभाळावी लागते. उघडलेल्या कुपीवर ती उघडल्याची तारीख लिहिलेली असते आणि नियमांनुसार सांभाळलेली कुपी त्या दिवसापासून अठ्ठावीस दिवसच वापरता येते. दंडावर अर्धा मिलिलिटर लस स्नायूत जाते, सुई एकदाच वापरून आपोआप निरुपयोगी होते, आणि त्यानंतर अर्धा तास तेथेच बसावयाचे असते. हा अर्धा तास टाळण्याकडे बायकांची प्रवृत्ती असते, कारण घरी चूल आणि रानात काम वाट पाहत असते. तथापि क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी बहुधा याच वेळात प्रकट होते आणि तिच्यावरचा तातडीचा इलाज तेथेच असतो, हे जाणून तो अर्धा तास अवश्य द्यावा. यांपैकी काहीही विचारण्याचा अधिकार लस घेणाऱ्या स्त्रीला आहे, आणि चांगल्या नर्सबाईंना अशा प्रश्नाचा राग येत नाही.

लस दिल्याची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर होते, आणि अलीकडे यू-विन या शासकीय संगणक-नोंदवहीतही होते, जेणेकरून सुरगाण्यात घेतलेली मात्रा निफाडच्या आरोग्य केंद्रात पाहता यावी. संगणकावर विसंबूनही कार्ड मात्र जवळ बाळगावेच. ते कपाटात जपून ठेवण्याचा दस्तऐवज नव्हे. सातव्या महिन्यात माहेरी निघताना साड्यांच्या पेटीत नव्हे तर हातातील पिशवीत असावे, आणि बागेवर कामाला जाताना रेशनकार्डाबरोबर असावे. दुसऱ्या गावची म्हणून कोणा गर्भिणीला सरकारी केंद्रात टीडी नाकारता येत नाही, आणि तिला त्यासाठी पैसेही द्यावे लागत नाहीत. बागाईतदारांनीही एवढे करावे की कामावर आलेल्या टोळीत कोणी गर्भार असल्यास गावच्या आशाताईंना त्याच आठवड्यात खबर द्यावी. ज्यांच्या श्रमावर द्राक्षांचे घड परदेशी जातात त्यांच्यासाठी हे फार मोठे ओझे नव्हे. नाशिक शहरात त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालय, महापालिकेचे डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आणि नाशिकरोडचे बिटको रुग्णालय येथे ही सोय आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानान्वये सरकारी दवाखान्यांत गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते. ज्यांना दिवस लक्षात राहत नाहीत त्यांनी ही एक तारीख तरी मनात धरावी.

टीडीहून पुढची पायरी डांग्या खोकल्याची. मोठ्या माणसाला हा रोग केवळ चिवट खोकल्यासारखा भासतो, परंतु महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाला कित्येकदा खोकल्याची उबळही येत नाही, त्याचा श्वासच थांबतो. त्याची स्वतःची लस दीड महिन्यापासून सुरू होऊन साडेतीन महिन्यांत तीन मात्रांनी पुरी होते. तोवर त्याला वाचविणारी मातेची प्रतिपिंडे तेवढीच. याकरिता टीडीतच डांग्या खोकल्याचा अंश मिळविलेली टीडॅप नावाची लस गर्भारपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत द्यावी अशी प्रसूतितज्ज्ञांची शिफारस आहे, आणि ती प्रत्येक गर्भारपणात नव्याने घ्यावयाची असते, कारण प्रतिपिंडे वर्षा-दोन वर्षांत ओसरतात. इंग्लंडमध्ये २०१२ साली डांग्या खोकल्याने तान्ही मुले दगावू लागली, तेव्हा गर्भिणींना ही लस देण्यास सुरुवात झाली आणि ज्यांच्या मातांनी ती वेळेवर घेतली त्या बाळांचे सुमारे नव्वद टक्के रक्षण झाल्याचे दिसून आले. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ही लस अद्याप नाही; ती खाजगी दवाखान्यात पैसे देऊन घ्यावी लागते आणि दुसऱ्या टीडीच्या जागी घेता येते. ज्यांना परवडते त्यांनी ती घ्यावी असे मी निःसंकोचपणे सुचवीन. ज्यांना परवडत नाही त्यांनी खंत न करता दोन्ही टीडी पुऱ्या कराव्यात आणि घरात खोकणाऱ्या माणसाला, मग तो सख्खा आजोबा का असेना, बाळापासून दूर ठेवावे. २७ ते ३६ हे आठवडे आणि माहेरी जाण्याचा काळ नेमके एकच आहेत. तेव्हा ही लस सासरी घ्यावयाची की माहेरी, याचा निर्णय ओटीभरणापूर्वीच करून टाकणे बरे.

इन्फ्लुएंझाची लस हा नाशिककरांनी विशेष मनावर घ्यावा असा विषय आहे. २००९ साली स्वाइन फ्लूने पुण्यात प्रवेश केला, तेव्हापासून हा विषाणू महाराष्ट्रात कायमचा मुक्कामाला राहिला असून पावसाळ्यात त्याचा जोर वाढतो. २०१८ सालच्या पावसाळ्यानंतर नाशिक जिल्ह्याने त्याची झळ चांगलीच सोसली. गर्भारपणी फुप्फुसांना पसरण्यास जागा कमी पडते आणि शरीराची प्रतिकाराची पद्धतही बदललेली असते, त्यामुळे हा ताप गर्भिणीला इतरांहून अधिक घातक ठरतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भिणींना ही लस मोफत देण्याची तरतूद केली, ती याच कारणाने. लस मृत विषाणूची असते. तिने फ्लू होत नाही. ती दर वर्षी नवी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे वैशाख-ज्येष्ठात, घेणे उत्तम. सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, म्हणून येथेही आईची लस हीच बाळाची लस होय. २०२७ च्या सिंहस्थात गोदाकाठी लक्षावधी माणसे जमतील तेव्हा पंचवटीत राहणाऱ्या गर्भिणींनी आणि बाळंतिणींनी ही गोष्ट आधीपासून योजून ठेवावी.

कोविडच्या काळात आपण जे अनुभवले त्याचा येथे उल्लेख केला नाही तर लेख अपुरा राहील. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा चाचण्यांत गर्भिणींचा समावेश नव्हता या कारणास्तव त्यांना वगळण्यात आले. स्तनदा मातांना त्याच वर्षी १९ मे रोजी आणि गर्भिणींना २ जुलै रोजी परवानगी मिळाली. आणि मधल्या एप्रिल-मे महिन्यांतील दुसऱ्या लाटेत गर्भिणींचे मृत्यू पहिल्या लाटेहून कितीतरी पटींनी अधिक झाले. गर्भिणीला जपावयाचे म्हणून तिला प्रत्येक नव्या उपायापासून दूर ठेवणे हा सुरक्षिततेचा मार्ग नेहमीच नसतो, हे त्या महिन्यांनी फार कठोरपणे दाखवून दिले. आज त्या रोगाची तीव्रता उतरली आहे. ही लस घ्यावी किंवा नाही ते आपल्या प्रकृतीनुसार डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

आता ज्या लसी गर्भारपणी टाळावयाच्या त्यांविषयी. ज्या लसींत रोगाचा जिवंत परंतु दुर्बल केलेला जंतू असतो, अशा गोवर-रुबेला, गालगुंड, कांजिण्या, बीसीजी आणि जिवंत विषाणूची जपानी मेंदूज्वराची लस या गर्भिणीला देत नाहीत. यांपैकी रुबेलाचे महत्त्व सर्वाधिक आहे. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आले की जन्मतः मोतीबिंदू घेऊन आलेल्या बाळांच्या मातांना गर्भारपणाच्या आरंभी रुबेला झाला होता. या रोगाने बाळाचे डोळे, कान आणि हृदय या तिहींची हानी होते, आणि आईला मात्र दोन दिवसांच्या पुरळापलीकडे काही कळतही नाही. याचा उपाय गर्भारपणाच्या आधीच करावयाचा असतो. महाराष्ट्रात नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. त्या वेळी ज्यांचे वय पंधराहून अधिक होते, त्यांतील अनेकींना लहानपणी केवळ गोवराची लस मिळालेली असते, रुबेलाची नसते. ज्या घरी लग्न ठरले आहे तेथे पत्रिका आणि दागिने यांच्याबरोबर ही एक चौकशी व्हावी. लस घेतल्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नयेत, एवढेच पथ्य आहे. लग्नानंतर आठवण झाली आणि तोवर दिवस गेले, तर बाळंतपण होताच, दवाखान्यातून घरी येण्यापूर्वीच, ती टोचून घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस जिवंत नसली तरी तीही बाळंतपणानंतरच पुरी करतात.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतील गोवंडीप्रमाणे आपल्या जिल्ह्यातील मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला होता. अशा वेळी गर्भिणीला रुग्णाचा सहवास घडला तर लस देता येत नाही, परंतु तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन सहा दिवसांच्या आत देता येते. म्हणून पुरळ उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कांजिण्यांच्या बाबतीतही हाच शिरस्ता. आणि घरातील मोठ्या मुलाची गोवर-रुबेलाची मात्रा 'आईला दिवस आहेत' म्हणून पुढे ढकलण्याची जी रीत काही घरांत दिसते ती सर्वस्वी चुकीची आहे. टोचलेल्या मुलापासून गर्भार आईला त्या लसीची बाधा होत नाही, उलट न टोचलेले मूल शाळेतून गोवर घेऊन आले तर होते.

दिवस गेल्याचे ठाऊक नसताना गोवर-रुबेलाची लस घेतली गेली, असेही प्रसंग घडतात. त्या वेळी घरात जी घबराट उडते तिच्या भरात गर्भपाताची गोष्ट निघते, म्हणून हे ठळकपणे सांगितले पाहिजे: अशा अनवधानाने घेतलेल्या लसीमुळे बाळात व्यंग निर्माण झाल्याचे आजवरच्या निरीक्षणांत आढळलेले नाही, आणि केवळ त्या कारणासाठी गर्भ काढून टाकण्याचा सल्ला वैद्यकशास्त्र देत नाही. डॉक्टरांना तारीख सांगावी, नेहमीच्या तपासण्या कराव्यात आणि निश्चिंत असावे.

एका लसीला मात्र गर्भारपण, बाळंतपण, स्तनपान यांतील कोणतीही सबब चालत नाही, ती म्हणजे रेबीजची. कुत्रे चावले, ब्रह्मगिरीवर किंवा सप्तशृंगीच्या गडावर माकडाने ओरबाडले, निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्याचा पंजा लागला, तरी उपाय एकच: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना, तिखट यांतील काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. दंडाच्या कातडीत देण्याच्या पद्धतीत ती त्या दिवशी आणि पुढे तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. जखम रक्ताळलेली असेल तर जखमेतच प्रतिपिंडांचे औषधही भरावे लागते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वाचत नाही. 'पोटातल्या जिवाला बाधेल' म्हणून गर्भिणीची ही लस थांबविणारा वडीलधारा तिच्या आणि बाळाच्या अशा दोन्ही जिवांची जोखीम आपल्या शिरावर घेत असतो.

लसीनंतर दंड दुखणे, किंचित सूज, एक-दोन दिवस कसकस किंवा हलका ताप हे होणारच. त्यावर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पॅरासिटामॉल घेता येते. साध्या पडशा-खोकल्याने लस पुढे ढकलू नये. जोराचा ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबावे. पूर्वी एखाद्या लसीने अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास कोंडला असेल किंवा भोवळ आली असेल, तर ते टोचण्याआधीच सांगावे. ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह आहे त्यांना २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत जे अँटी-डी इंजेक्शन देतात ती लस नव्हे. ते घेतले म्हणजे टीडी झाली असा समज करून घेऊ नये.

बाळंतपणानंतरचा प्रश्न याहून सरळ आहे, तरी भीती याच काळात अधिक आढळते: सुई टोचली की दूध आटते, दुधातून औषध उतरते, म्हणून दोन दिवस अंगावर पाजू नये, असे सांगणाऱ्या शेजारणी प्रत्येक आळीत असतात. वस्तुतः टीडी, टीडॅप, फ्लू, कोविड, कावीळ-बी, रेबीज, गोवर-रुबेला, कांजिण्या, एचपीव्ही यांपैकी कोणत्याही लसीसाठी स्तनपान एक वेळही थांबवावे लागत नाही. टोचून घेताना बाळ पदराखाली पीत असले तरी हरकत नाही. लसीने निर्माण झालेल्या प्रतिपिंडांचा अंश दुधातूनही बाळाला मिळतो, विशेषतः पहिल्या दिवसांच्या चिकातून. तो चीक पिळून टाकण्याची चाल जेथे असेल तेथे ती बंद व्हावी. अपवाद आहे तो पीतज्वराच्या लसीचा. आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या काही देशांत जाण्यासाठी ती सक्तीची असते, आणि ती घेतलेल्या मातांच्या फार लहान बाळांना दुधावाटे मेंदूज्वर झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. म्हणून बाळ नऊ महिन्यांचे होईपर्यंत शक्य तर तो प्रवासच लांबणीवर टाकावा.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी येथून आई-सासू जातात, त्यांच्याकरिता एक सूचना. तेथे गर्भिणींना डांग्या खोकला आणि फ्लू यांबरोबर आरएसव्ही या श्वसनविषाणूवरील लसही देतात, अमेरिकेत ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ठराविक ऋतूत. लेकीने ती घेतली तर शंका घेऊ नये, आणि स्वतः जाण्यापूर्वी निदान दोन आठवडे फ्लूची आणि टीडॅपची लस घेऊन जावे. बाळाला सर्वांत जवळून कुरवाळणारी आजीच असते.

बाळ जन्मल्यावर दवाखाना सोडण्यापूर्वी कार्डावर त्याच्या तीन नोंदी झाल्या आहेत की नाही ते घरच्या कोणी जबाबदार माणसाने पाहावे: बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-बीची जन्ममात्रा. शेवटची ही मात्रा जन्मापासून २४ तासांच्या आत पडली तरच तिचा पुरा उपयोग. आणि गर्भारपणीच्या तपासणीत मातेच्या रक्तात या काविळीचा विषाणू आढळला असेल, तर बाळाला १२ तासांच्या आत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते, ज्याची तजवीज आधीच केलेली हवी, कारण ते प्रत्येक तालुक्याच्या गावी हाताशी असेलच असे नाही. अशा आईने बाळाला अंगावर पाजण्यास काहीही प्रत्यवाय नाही.

बाळाची पुढची तारीख दीड महिन्याची, म्हणजे बेचाळिसाव्या दिवसापासूनची. त्या दिवशी पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल या लसींच्या पहिल्या मात्रा एकदमच द्यावयाच्या असतात. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, आणि तो सव्वा महिना संपण्याचा आणि ही तारीख येण्याचा दिवस जवळजवळ एकच असतो. देवदर्शनासाठी किंवा सासरी परतण्यासाठी म्हणून जो पहिला दिवस घरात ठरतो, त्याच्या एक-दोन दिवस आगेमागे माहेरच्याच गावच्या उपकेंद्रातील लसीकरणाचा वार पाहून घ्यावा, मात्रा तेथेच पाडून कार्डावर पुढची तारीख लिहून घ्यावी, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत बाळाचा ताप उतरला की मग सासरची गाडी धरावी. दुसरी मात्रा चार आठवड्यांनी सासरच्या केंद्रात तेच कार्ड दाखवून घेता येते.